कॉर्व्हेट, नेब्युला आणि रात्रीचे साडेअकरा: बॅलन्स टीमला खुलं पत्र

प्रति,
बॅलन्स टीम

(बॅलन्स टीम म्हणजे गेममधल्या जहाजांची ताकद आणि किंमत ठरवणारी माणसं. गेम अंतराळातल्या जहाजांच्या लढायांचा, ऑनलाइन; त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे खेळतात त्यांना पहिल्या परिच्छेदात कळेल, आणि जे खेळत नाहीत त्यांचं नावावाचून काही अडणार नाही.)

स. न. वि. वि.

ताज्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या नव्या फेरबदलांत, तुम्ही तीन गोष्टी बदलल्या. कॉर्व्हेट या लहान, स्वस्त जहाजाची किंमत 20 टक्क्यांनी वाढवली आणि तिचा मारा 20 टक्क्यांनी घटवला. नेब्युलात, म्हणजे अंतराळातल्या वायूच्या ढगात, शिरल्यावर मोठ्या जहाजांचे सेन्सर अर्ध्यावर यायचे, ते बंद केलं. आणि तळावर हल्ला करता येण्याची रोजची वेळ, जी आजवर ज्याचा तळ तो ठरवायचा, ती सगळ्यांना एकच करून टाकली: 18:00 ते 22:00, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). पॅच नोट्समध्ये कॉर्व्हेट 'जहाजं' या मथळ्याखाली आहे, नेब्युला 'नकाशा'खाली आणि वेळ अगदी शेवटी 'इतर'मध्ये. आम्ही तिन्ही एकत्र वाचले. तुम्ही वेगवेगळ्या टेबलांवर बसून केले असतील, पण तिन्ही बदल एकाच खेळाडूच्या डोक्यावर येऊन आदळले आहेत. ज्याच्याकडे जहाजं थोडी आणि वेळ त्याहून थोडा, तो हा खेळाडू.

आम्ही म्हणजे ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली ते खारघर या पट्ट्यातले तिसेक जण. अलायन्सचं, म्हणजे गेममधल्या आमच्या गटाचं, चॅट मराठीत चालतं, डिप्लोमसी तुटक्या इंग्रजीत. एक जण पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, एका ताईंची पोळीभाजी केंद्राची सकाळ पाचला सुरू होते, खारघरचे एक सर दहावीच्या गणिताचे क्लास घेतात, दोघं महापेला डेटा सेंटरमध्ये शिफ्टवर असतात, आणि बाकीची इंजिनिअरिंगची पोरं. सगळे एकत्र भेटतो ते क्वचितच, तलावपाळीला, आणि तिथेही अर्धा वेळ फोनमध्ये नकाशा उघडून भांडण्यात जातो. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा झाला, तेव्हापासून घरी 'हा तो गेम नव्हे' हे समजावण्याचं एक जादा काम आमच्या मागे लागलंय.

आधी तुमची बाजू. कॉर्व्हेट स्पॅमचा वैताग खरा होता. मोठ्या अलायन्स ढाली न बसवता, नुसत्या तोफा लावलेल्या पाचपाचशे कॉर्व्हेट एका झटक्यात सोडायच्या आणि समोरच्याचे वर्षभरात जमवलेले क्रूझर चहा संपायच्या आत भंगारात जायचे. आम्हीही त्या झुंडींना शिव्या घातल्या आहेत. काहीतरी करणं भागच होतं.

पण जे केलंत ते झुंडीला लागलंच नाही.

हे गणित सरांनी मांडलंय, मी फक्त उतरवतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने लढाईचं एक सूत्र दिलं. दुरून नेम धरून मारा करणारी दोन दलं समोरासमोर असतील, तर दलाची ताकद ही एका तोफेचा मारा गुणिले तोफांच्या संख्येचा वर्ग. मारा दुप्पट केला तर ताकद दुप्पट होते. संख्या दुप्पट केली तर चौपट. तुमच्या गेममधली लढाई तंतोतंत अशी चालत नाही, सगळ्यांना एकाच वेळी नेम मिळत नाही, काही मारा आधीच फुटलेल्या जहाजावर वाया जातो. तरी अंदाजाला सूत्र पुरेसं आहे. पूर्वी ज्या खर्चात 100 कॉर्व्हेट यायच्या त्यात आता 83 येतात. 0.83 चा वर्ग साधारण 0.69. त्याला घटलेल्या माऱ्याचे 0.8 लावा: 0.55. म्हणजे दोन ठिकाणी 20-20 टक्के छाटताना तुमच्या हातून त्याच खर्चातली जवळपास निम्मी ताकद गेली. उलट बाजूने बघा. जुन्या 100 कॉर्व्हेटची बरोबरी करायला आता 112 लागतात, आणि 112 ची किंमत जुन्या 134 इतकी. पॅच नोट वाचून हे कोणाच्याही लक्षात येणार नाही. तिथे नुसतं 'किरकोळ फेरबदल' लिहिलंय.

तुम्ही म्हणाल, घट सगळ्यांनाच लागू आहे. नाही लागत सगळ्यांना, आणि याचं कारण ढालीत आहे. क्रूझरची ढाल दर फेरीला 45 ने भरून येते. पूर्वी एका कॉर्व्हेटचा मारा 10 होता. पाच कॉर्व्हेट मिळून 50, म्हणजे दर फेरीला ढालीतले पाच गुण निघायचे. हळूहळू का होईना, क्रूझरला माघार घ्यावी लागायची. आता मारा 8. पाच जणींचा 40. ती ढाल आता प्रलयापर्यंत फुटणार नाही. पाचशेच्या झुंडीला मात्र 5000 चे 4000 झाले, तिला 45 म्हणजे काय? झुंड एका फेरीऐवजी दोन फेऱ्यांत जिंकते, इतकाच फरक. शिवाय ज्यांच्याकडे वरच्या पातळीची शिपयार्ड आहेत त्यांनी दुसऱ्याच दिवशी कॉर्व्हेट मोडीत काढून मोठ्या बॅटलशिप बांधायला घेतल्या. आमच्यासारख्यांची शिपयार्ड त्या पातळीला जायला अजून एक सीझन जाईल.

वापराचा आकडाही तुम्ही चुकीच्या दिशेने वाचलाय असं आम्हाला वाटतं. गेममधल्या जहाजांत कॉर्व्हेट सर्वांत जास्त बांधल्या जातात, हे तुमच्या घोषणेतलं वाक्य खरं आहे. पण ती सर्वांत जास्त बांधली जाते कारण नवख्याला दुसरं काही परवडत नाही. झुंडीत किती आणि पाच-सातच्या तुकड्यांत किती, हे वेगळं काढलं असतंत तर चित्र वेगळं दिसलं असतं. तो डेटा आमच्याकडे नाही, तुमच्याकडे आहे.

आता नेब्युला. या पॅचमधली आमची सगळ्यात मोठी तक्रार हीच, जरी तुमच्या नोटमध्ये तिला एकच ओळ मिळालीय.

1679 मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी अडवायला आपली मोठी जहाजं पाठवली. एकास एक तोफा मोजल्या असत्या तर मराठ्यांच्या होड्या त्या जहाजांपुढे कुठेच बसत नव्हत्या. पण थळच्या किनाऱ्यावरून सामान भरलेल्या होड्या रात्रीच्या अंधारात निघायच्या, उथळ पाण्यातून वल्हवत बेटाला लागायच्या, आणि वारा पडला की शिडांची जहाजं जागच्या जागी बघत राहायची. ऑक्टोबरमध्ये समोरासमोरही लढाई झाली, त्यात इंग्रजांचं एक जहाज मराठ्यांच्या हाती पडलं. मायनाक भंडारी आणि दौलतखानाच्या माणसांनी रसद चालू ठेवली, काम थांबलं नाही, आणि 1680 च्या सुरुवातीला इंग्रज माघारी गेले. होडीचा 'मारा' आणि 'चिलखत' तेवढंच होतं. बाकी सगळं अंधाराने आणि उथळ पाण्याने केलं.

तुमचा नेब्युला म्हणजे आमचं उथळ पाणी होता. तिथे बॅटलशिपला लांबचं दिसायचं नाही, म्हणून पाच कॉर्व्हेट घेऊन मालवाहू ताफा पळवता यायचा, किंवा वेढ्यातल्या तळाला धातू पोचवता यायचा. सेन्सरचा नियम काढल्यावर नेब्युला नुसता जांभळा रंग उरला. आमच्या लॅबवाल्या मित्राने मागच्या सीझनला वेढलेल्या तळाला सलग रसद पुरवली होती. या वेळी त्याची पहिलीच खेप तीन सिस्टिम (सूर्यमाला) अलीकडे दिसली आणि संपली. त्यानंतर तो लॉग इन झालेला नाही. कारण विचारलं तर 'कामं आहेत' म्हणतो.

नकाशाने बॅलन्स साधता येतो याचा पुरावा तुमच्याच धंद्यात पडलाय. 1998 च्या स्टारक्राफ्ट या लढाईच्या गेममध्ये युनिटच्या (सैनिक, वाहनं वगैरेंच्या) आकड्यांना शेवटचा मोठा हात 2001 च्या 1.08 पॅचमध्ये लागला. त्यानंतर कोरियात वर्षानुवर्षं व्यावसायिक स्पर्धा झाल्या, टीव्हीवर चालल्या, आणि एखादी जमात वरचढ व्हायला लागली की स्पर्धावाले नकाशे बदलायचे. कुठे टेकडीची वाट अरुंद करायची, कुठे दुसरा तळ जरा जवळ आणायचा. युनिटला कोणी हात लावला नाही. तुमच्याकडे नेब्युला होता, चोकपॉइंट (अरुंद वाटा) होते, गुरुत्वविहिरी आहेत. झुंड आवरायला ही सामग्री कमी होती का? नेब्युलात एका वेळी अमुक इतक्याच जहाजांची फॉर्मेशन टिकेल, एवढा एक नियम घातला असता तरी पाचशेची झुंड बाहेर राहिली असती आणि पाच जणी आत गेल्या असत्या.

किंवा झुंडीला मारणारं हत्यार द्यायचं. क्रूझरला फुटून पसरणारी फ्लॅक तोफ द्या. दाटीने आलेल्या पाचशेला ती झोडपेल, विखुरलेल्या पाचांना फार नाही. स्टेलारिस या अंतराळातल्याच गेमने 2022 च्या 3.6 आवृत्तीत असाच रस्ता धरला: मोठ्या जहाजांना आवरायला टॉर्पिडोवाली फ्रिगेट आणली, समोरचं जहाज जितकं मोठं तितका टॉर्पिडोचा फटका मोठा.

तिसरा मुद्दा वेळेचा. 18:00 ते 22:00 यूटीसी म्हणजे आमच्याकडे रात्री साडेअकरा ते पहाटे साडेतीन. युरोपात ती जेवणं आटोपून निवांत बसायची वेळ आहे. आमच्याकडे पोळीभाजीवाल्या ताईंनी साडेतीनपर्यंत तळ राखायचा आणि दीड तासाने कणीक मळायला घ्यायची, असा त्याचा अर्थ होतो. पोरांचं कॉलेज, बाकीच्यांची सकाळची लोकल, हे सांगत बसत नाही. त्या वेळात हमखास जागे असतात ते डेटा सेंटरच्या नाइट शिफ्टचे आमचे दोघं, आणि त्यांचे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये जमा असतात.

इथे आमच्यातल्याच काहींनी एक मागणी रेटली होती, ती मी पत्रातून काढून टाकली: भारतात सर्व्हर द्या. महापे, रबाळे, ऐरोली भागात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहत असताना आपला गेम युरोपातून का यावा, असं पोरांचं म्हणणं. ऐकायला बरं वाटतं. पण फ्लीटला एका सिस्टिममधून दुसऱ्या सिस्टिममध्ये जायला जिथे सहा तास लागतात, तिथे पिंग, म्हणजे सर्व्हरकडे जाऊन परत यायला लागणारा वेळ, शंभर मिलिसेकंदांचा तीस झाला म्हणून कोणाचं भलं होणार आहे? सर्व्हर खुशाल तिथेच ठेवा. घड्याळाचं तेवढं बघा.

वेळ एकच का केलीत, हेही आम्हाला कळतं. काही अलायन्स शत्रू झोपेत असेल नेमकी तीच वेळ निवडायच्या आणि हल्ला आला की वेळ बदलायच्या. ती पळवाट बुजवायलाच हवी होती. पण ती बुजवायला सगळ्या जगाला एका खंडाच्या संध्याकाळी बांधायची गरज नव्हती. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्याच गेममध्ये चीन सोडून सगळं जग एकाच आकाशगंगेत खेळतं. रोजचा मेंटेनन्स 11:00 यूटीसीला, आमच्या साडेचारला. तिथे 2015 मध्ये प्रदेशावरच्या हक्काची पद्धत बदलली तेव्हा हल्ल्याची रोजची वेळ बचाव करणाऱ्या अलायन्सने ठरवायची असं केलं. त्याही पद्धतीवर लोकांनी भरपूर टीका केली, पण निदान रात्र कोणाची जाणार हे आधीच ठरलेलं नव्हतं. त्याच गेममध्ये जानेवारी 2014 ची बी-आर5आरबी या सिस्टिममधली लढाई सुमारे एकवीस तास चालली, कारण लढाई मोठी झाली की सर्व्हर गेममधला वेळच मंद करतो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. एवढ्या लांब लढाईत सगळ्यांच्याच झोपेचं खोबरं होतं. त्याला आमची ना नाही. रोज ठरलेल्या एकाच भागातल्या लोकांचं व्हावं, याला आहे.

आमचा तोडगा साधा आहे. चार तासांची विंडो (हल्ल्याची वेळ) अलायन्सनेच निवडावी, पण बदलायची असेल तर सात दिवस आधी जाहीर करावी, आणि वेढा चालू असताना बदलता येऊ नये. हल्ला दोन टप्प्यांत करा: पहिला टप्पा हल्लेखोराच्या वेळेत, तळ कोसळायचा निर्णायक टप्पा बचावाच्या वेळेत. दोघांनाही एकेक रात्र जागू द्या.

आता पॅच ज्या पद्धतीने आला त्याविषयी थोडं. शुक्रवारी रात्री नोट आली आणि शनिवारी सकाळी बदल लागू. आमचा एक ताफा तेव्हा नेब्युलाच्या आत होता. आत शिरला तेव्हा अदृश्य होता, बाहेर पडेपर्यंत सगळ्या गॅलक्सीला दिसत होता. बदल आवडणं न आवडणं पुढची गोष्ट. स्टेलारिसने फेब्रुवारी 2018 च्या 2.0 मध्ये प्रवासाच्या तीन पद्धतींपैकी दोन सरळ काढून टाकल्या आणि सगळ्यांना हायपरलेनवर, म्हणजे ताऱ्यांमधल्या ठरलेल्या वाटांवर, आणलं. केवढा गदारोळ झाला! पण ते काही महिने आधीच लिहून सांगितलं होतं: नकाशाला भूगोल हवा, सीमेला अर्थ हवा, चोकपॉइंट हवेत, म्हणून हे करतोय. पटलं नाही त्यांना जुनी आवृत्ती निवडून खेळायचीही सोय होती. तुमचा गेम ऑनलाइन आहे, जुनी आवृत्ती ठेवता येणार नाही हे मान्य. कारण मात्र सांगता येतं, आणि दोन आठवडे आधी सांगता येतं.

लहान दिसणारा आकडा कुठवर जाऊ शकतो, हेही नवीन नाही. मे 2012 मध्ये स्टारक्राफ्ट 2 मध्ये झर्ग जमातीच्या क्वीन या युनिटची जमिनीवरच्या शत्रूला मारायची रेंज 3 ची 5 केली, सुरुवातीच्या हल्ल्यांतून त्या जमातीला जरा उसंत मिळावी म्हणून. उसंत मिळाली, आणि त्या उसंतीत झर्ग इतके निवांत मोठे व्हायला लागले की इन्फेस्टर आणि ब्रूड लॉर्ड या त्यांच्या बड्या युनिटच्या फौजांनी पुढचे कित्येक महिने लोकांना नकोसे केले. तो बदल करणारी माणसं अनुभवी होती. म्हणूनच आमचं म्हणणं की चाचणी वरच्या शंभर खेळाडूंकडून करून घेऊन भागत नाही. तुमच्या बंद चाचणीत कोण असतं ते आम्हाला माहीत आहे. त्यांच्या नावांसमोर अलायन्सचे टॅग दिसतात, आणि ते सगळे झुंडवाले आहेत. त्यांनी पाच कॉर्व्हेट घेऊन क्रूझरशी शेवटची लढाई कधी केली असेल? ईव्हने 2008 पासून खेळाडूंनी मत देऊन निवडलेली परिषद ठेवली आहे. तेवढं नको. चाचणीतल्या निम्म्या जागा तळातल्या अलायन्समधून चिठ्ठ्या टाकून भरा, बास. आमच्या ताईंचं नाव निघालं तर त्या वेळेवर रिपोर्ट देतील याची खात्री मी देतो.

कॉर्व्हेटबद्दल आम्ही अडून बसलेलो नाही. किंमत वाढलेली राहू द्या, मारा परत 10 करा. किंवा मारा 8 ठेवा आणि किंमत खाली आणा, म्हणजे पाचांच्या जागी सहा परवडतील. पाच-सहांची तुकडी क्रूझरच्या ढालीला पुरी पडत असेल तर कुठलाही पर्याय चालेल, आणि सरांचं मत पहिल्याकडे आहे. नेब्युलाचा नियम मात्र पूर्ण परत हवा.

एका गोष्टीचं उत्तर लवकर लागेल. विंडो बदलणार नसाल तर आम्हाला तळ पूर्वेकडच्या सेक्टरमध्ये, इंडोनेशियातल्या एका अलायन्सच्या शेजारी हलवावा लागेल. त्यांचीही रात्र आमच्यासारखीच गेलीय, त्यांनी राखणीच्या पाळ्या वाटून घ्यायची तयारी दाखवली आहे. तळ हलवायला अकरा दिवस लागतात आणि तेवढ्यात ढाली बंद असतात. सीझन संपायच्या दोन आठवडे आधी तुमचा निर्णय कळला तर हलवायचं की थांबायचं ते ठरवता येईल.

कळावे,
ठाणे-नवी मुंबईतले तिसेक खेळाडू

ता. क. नेब्युलावर बोट ठेवलं की उघडणाऱ्या चौकटीत अजून 'मोठ्या जहाजांचे सेन्सर 50%' असंच लिहून येतंय. नियम परत आणणार असाल तर ती ओळ तशीच राहू द्या. नसाल तर आजच काढा, नवीन पोरं ती वाचून आत शिरतायत.